प्रयोग जमला, पुढे काय? संशोधनातून वापरातलं तंत्रज्ञान घडवण्याची वाट

प्रयोगशाळेत एखादी गोष्ट पहिल्यांदा जमली की काम संपत आल्यासारखं वाटतं. शोधनिबंध छापून येतो, परिषदेत कौतुक होतं. मग कुणीतरी विचारतं, "हे लोकांच्या हातात कधी येणार?" आणि "दोन-तीन वर्षांत" असं काहीतरी उत्तर ठोकून दिलं जातं. त्या उत्तरामागे बहुतेक वेळा कसलाही हिशेब नसतो.

हा लेख त्या प्रश्नाशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्यांसाठी आहे: पीएचडीचे विद्यार्थी, तरुण प्राध्यापक, संशोधन संस्थेतले अभियंते. माझं म्हणणं एकच आहे. प्रकल्प ज्ञान कमी पडल्यामुळे अडतात त्याहून जास्त ते कामाचा क्रम चुकल्यामुळे अडतात. अचूकता अजून किती वाढेल, कार्यक्षमता आणखी किती चढेल, हे आवडीचे प्रश्न आधी सोडवले जातात. कच्चा माल कुठून येणार, दुसऱ्याच्या हातून हे होईल का, परवानगी कोण देणार, हे रुक्ष प्रश्न मागे ढकलले जातात. मागे ढकललेल्यांतलाच एखादा पुढे सगळं मोडून टाकतो. तेव्हा रुक्ष प्रश्न आधी घ्या. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत ते ठरवा

यासाठी एक तयार मोजपट्टी आहे. १९७४ मध्ये नासामधल्या स्टॅन सॅडिन यांनी तंत्रज्ञानाची तयारी मोजायला सात पातळ्यांची शिडी सुचवली. पुढे तिच्या नऊ पातळ्या झाल्या. तिला 'टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल' किंवा नुसतं टीआरएल म्हणतात. पातळी १ म्हणजे मूलभूत तत्त्व समजलं. ३ म्हणजे कल्पना प्रयोगाने सिद्ध झाली. ४ म्हणजे सुटे भाग एकत्र जोडून प्रयोगशाळेत चालवले. ६ म्हणजे प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत प्रोटोटाइप चालला. ९ म्हणजे खऱ्या वापरात टिकला.

शिडी वापरताना सगळ्यात पुढे गेलेल्या भागावर बोट ठेवायचा मोह होतो. नेमकं उलट करा. तुमचा सेन्सर पातळी ६ वर असेल, पण त्याचं वेष्टन पातळी २ वर असेल, तर यंत्रणा पातळी २ वरच आहे. प्रत्येक भागासमोर आकडा लिहा आणि सर्वांत लहान आकडा खरा माना.

४ ते ७ या पट्ट्याला 'व्हॅली ऑफ डेथ', म्हणजे मृत्यूची दरी, म्हणतात, आणि नाव थोडं नाटकी असलं तरी चुकीचं नाही. संशोधनाचं अनुदान नवीन ज्ञानासाठी मिळतं, त्यामुळे ते पातळी ३-४ च्या आसपास आटतं. गुंतवणूकदाराला चालता प्रोटोटाइप आणि गिऱ्हाईक दिसायला हवं असतं, म्हणून तो ७ च्या आधी फारसा फिरकत नाही. मधलं काम शोधनिबंधाच्या दृष्टीने जुनं आणि धंद्याच्या दृष्टीने कच्चं. ते कुणाचंच नसतं. तुम्ही या पट्ट्यात शिरणार असाल तर पैसा कुठून येणार याची चौकशी शिरण्याआधी करा. (या शिडीत खर्च, गिऱ्हाईक आणि उत्पादन यांबद्दल काहीही नाही, हेही ध्यानात असू द्या. पातळी ९ गाठूनही कुणी न घेतलेली यंत्रं असतात.)

पायरी २: एका पानावर लिहा की हे काम आज कोण, कसं करतं

शोधाचं वर्णन या पानावर नको. ज्याच्यासाठी हे बनवताय तो माणूस आज ते काम कशाने करतो, किती वेळात करतो, कुठे अडतो, एवढंच लिहा. तुमची स्पर्धा दुसऱ्या प्रयोगशाळेशी नसते, या आजच्या पद्धतीशी असते. ती ओबडधोबड असली तरी लोकांना सरावाची असते.

माहिती विचारून मिळवायची, पण विचारायचं कसं त्यात सगळं आहे. "असं यंत्र आलं तर वापराल का?" याला लोक भिडेपोटी हो म्हणतात. "गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारा. काहीच केलं नाही असं उत्तर वारंवार आलं, तर ती अडचण तुम्हाला वाटते तेवढी त्यांना बोचत नाही.

वापरणाऱ्याची परिस्थिती नीट वाचली की काय होतं याचं उत्तम उदाहरण जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं आहे. ग्लुकोज असेल तर आतड्यातून सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषलं जातं, हे तत्त्व १९६० च्या दशकात समजलेलं होतं. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांवर दवाखान्यात त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. तरी वैद्यकीय जगाचा भरवसा शिरेतून देण्याच्या सलाइनवर होता. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिंपांत कालवलं आणि रुग्णाच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

यात नवीन रसायनशास्त्र नव्हतं. सलाइनला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शिकलेले हात लागतात. छावणीत तिन्ही नव्हतं. अडथळा तिथे होता, आणि उपाय त्याच्याच मापाचा निघाला. तुमच्या एका पानात अशा गोष्टी उतरल्या पाहिजेत: वापरणारा किती शिकलेला आहे, वीज असते का, दुरुस्ती कोण करणार, काम बिघडलं तर दोष कुणाच्या माथी येणार. शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. नवं यंत्र घेण्याचा निर्णय जो घेतो त्याला त्यातून फायदा थोडा आणि बदनामीचा धोका मोठा असेल, तर तो जुन्यालाच चिकटून राहील, आणि त्याच्या जागी राहून पाहिलं तर ते शहाणपणाचंच आहे.

पायरी ३: दुसऱ्याच्या हातून करून घ्या

ही पायरी स्वस्त आहे आणि तरीही कुणी करत नाही. तुमची कृती लिहून काढा, विषयाची जाण असलेल्या पण या प्रकल्पात नसलेल्या माणसाला द्या आणि खोलीबाहेर जा. प्रश्नांची उत्तरंही द्यायची नाहीत.

बहुधा जमणार नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७० च्या दशकात टीईए नावाचा लेझर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी कसा बनवला याचा अभ्यास केला. केवळ छापील निबंध वाचून तो एकाही प्रयोगशाळेला चालवता आला नाही. ज्यांनी तो आधी चालवला होता त्यांच्याशी प्रत्यक्ष संपर्क आलेल्यांनाच तो जमला. हातात असलेलं पण कागदावर न आलेलं ज्ञान बरंच असतं: द्रावण 'जरा दुधट' झाल्यावर थांबायचं, तारेची लांबी अमुक ठेवायची, पहिली दोन वाचनं टाकून द्यायची. करणाऱ्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते सांगायची गरज आहे हेच सुचत नाही.

तो माणूस जिथे अडला ती प्रत्येक जागा टिपा. मग कृती सुधारा आणि तिसऱ्या माणसाकडे द्या. त्याच वेळी रसायनाचा दुसरा लॉट, दुसऱ्या कंपनीचा तोच भाग, वेगळा ऋतू, वेगळं उपकरण, हेही बदलून पाहा. शोधनिबंधात सर्वोत्तम निकाल शोभतो, पण तंत्रज्ञान तुमच्या सगळ्यात वाईट निकालावर तोललं जातं. तेव्हा यापुढे सरासरीबरोबर सर्वांत वाईट निकालाचाही आलेख ठेवा. सॉफ्टवेअर किंवा मशीन लर्निंगवाल्यांनाही हे लागू आहे: एका रुग्णालयाच्या स्वच्छ प्रतिमांवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या रुग्णालयाच्या जुन्या यंत्रावरच्या प्रतिमांवर चालवून पाहिल्याशिवाय त्याच्या अचूकतेचा आकडा बोलू नका.

पायरी ४: मोठं करण्याआधी मोठेपणाची नक्कल करा

प्रमाण वाढवणं म्हणजे सगळं शंभर पट करणं, हा नवख्यांचा सर्वांत महागडा गैरसमज. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहा पट केली तर आतलं द्रव्य हजार पट होतं, पण भिंतीचं क्षेत्रफळ शंभर पटच वाढतं. उष्णता निर्माण होते द्रव्यात आणि बाहेर पडते भिंतीतून. म्हणजे छोट्या चंचुपात्रात कोमट राहणारी अभिक्रिया मोठ्या टाकीत हाताबाहेर जाऊ शकते. ढवळण्याचंही तसंच: छोट्या भांड्यात क्षणात मिसळणारी गोष्ट मोठ्या टाकीत मिसळायला वेळ घेते आणि तोवर कोपऱ्यात भलतंच काही घडून बसतं.

अमोनियाची गोष्ट या बाबतीत जितकी वाचावी तितकी थोडी. जुलै १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी कार्ल्सरूहे इथे हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनवून बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या लोकांना दाखवला. टेबलावरचं ते उपकरण तासाला जेमतेम सव्वाशे मिलिलिटर अमोनिया देत होतं. विज्ञान तिथे सिद्ध झालं. कारखाना मात्र ओप्पाऊला १९१३ मध्ये सुरू झाला, आणि मधल्या चार वर्षांत कार्ल बॉश यांच्या चमूला जे प्रश्न सोडवावे लागले त्यांतला एकही हाबर यांच्या टेबलावर दिसत नव्हता.

पहिला प्रश्न उत्प्रेरकाचा. हाबर यांचा ऑस्मियम उत्तम चालायचा, पण तो जगात इतका कमी होता की त्यावर उद्योग उभा राहणं शक्यच नव्हतं. आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून लोखंडात थोडं ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि अल्कली मिसळलेला स्वस्त उत्प्रेरक शोधला. दुसरा प्रश्न भांड्याचा. जवळपास २०० पट वातावरणीय दाब आणि ५०० अंशांच्या वरचं तापमान सोसणाऱ्या पोलादी नळ्या काही दिवसांतच फुटल्या. तपासलं तर हायड्रोजन पोलादात शिरून त्यातल्या कार्बनशी संयोग पावत होता आणि पोलाद ठिसूळ होत होतं. बॉश यांनी दाबाचं काम आणि हायड्रोजन अडवण्याचं काम वेगळं केलं: आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेर मजबूत पोलादाचं कवच, आणि अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निसटावा म्हणून कवचाला बारीक भोकं. तिसरा प्रश्न शुद्ध हायड्रोजन स्वस्तात आणि प्रचंड प्रमाणात मिळवण्याचा. त्यासाठी वेगळीच प्रक्रिया उभी करावी लागली.

आता तुमच्याकडे बॉश यांचा कारखाना नाही. तरी एक गोष्ट लगेच करता येते. छोट्याच उपकरणावर मोठ्या उत्पादनाची वाईट परिस्थिती मुद्दाम आणायची. प्रयोगशाळेच्या शुद्ध रसायनाऐवजी औद्योगिक प्रतीचं घ्या. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं वापरा. ढवळणं मंद करा, तापमान वरखाली होऊ द्या, मिश्रण रात्रभर पडून राहू द्या. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर धूळ, ओल आणि कमी-जास्त होणारा वीजदाब द्या. जे मोडायचं ते इथे स्वस्तात मोडू दे. आणि तुमच्याकडे 'ऑस्मियम' कुठला आहे ते शोधा: असा कुठला भाग, पदार्थ किंवा माणूस आहे जो एकच आहे आणि शंभर मिळणार नाहीत? त्याचा पर्याय शोधण्याचं काम आजच सुरू झालं पाहिजे, मग त्याने कार्यक्षमता चार टक्के उतरली तरी चालेल.

पायरी ५: तोंड उघडण्याआधी पेटंटचा विचार

क्रम चुकला तर कायमचं नुकसान होतं अशी ही जागा. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि तुम्ही स्वतःच तो आधी जाहीर केला असेल तर तो नवा राहत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची मुभा आहे. युरोपमध्ये अगदी मोजके अपवाद सोडले तर ती नाही. जाहीर करणं म्हणजे फक्त निबंध छापणं नव्हे. परिषदेतलं पोस्टर, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, इंटरनेटवर टाकलेला प्रीप्रिंट, सगळं त्यात आलं.

याचा अर्थ प्रकाशन थांबवा असा नाही. आधी अर्ज, मग निबंध, एवढंच. पहिला अर्ज दाखल झाल्यावर इतर देशांत त्याच तारखेचा हक्क सांगायला बारा महिने मिळतात. पीसीटी या आंतरराष्ट्रीय मार्गाने गेलात तर बहुतेक देशांतला मोठा खर्च पहिल्या तारखेपासून तीस महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतो. तो काळ गिऱ्हाईक आहे की नाही हे शोधण्यात घालवा, वाट पाहण्यात नको.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो कारण त्या उशिरा कळतात. एक, पेटंट मिळालं म्हणजे ती वस्तू बनवण्याचा हक्क मिळाला असं होत नाही. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं. तुमच्या वस्तूतला एखादा भाग दुसऱ्याच्या पेटंटखाली येत असेल तर त्याची परवानगी लागतेच. दोन, शोधाची मालकी तुमची असेलच असं नाही. नेमणुकीचं पत्र, अनुदानाच्या अटी, दुसऱ्या संस्थेकडून आणलेल्या जिवाणूंचा किंवा विदेचा (डेटाचा) करार, 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' घेतलेलं सॉफ्टवेअर, हे सगळं एकदा काढून वाचा. मालकीचा घोळ असलेल्या शोधाला कंपनी हात लावत नाही. अमेरिकेत १९८० चा बे-डोल कायदा येण्याआधी सरकारी पैशातून झालेल्या शोधांची सुमारे २८,००० पेटंटं सरकारकडे पडून होती आणि त्यांतल्या ५ टक्क्यांहून कमी पेटंटांचे व्यापारी वापरासाठी परवाने दिले गेले होते. त्या कायद्याने मालकी विद्यापीठांकडे येऊ दिली. त्याचे परिणाम सगळेच चांगले झाले असं नाही, पण निदान बोलणी कुणाशी करायची ते ठरलं.

पायरी ६: नियम आणि मानकं

थोडक्यात सांगायचं तर, तुमच्या क्षेत्राला लागू असलेलं मानक कुठलं हे शोधून काढा आणि प्रोटोटाइप काढण्याआधी ते वाचा. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५ आहे, वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१ ही मालिका. वाचायला नीरस आहेत, पण चाचण्या झाल्यावर प्लास्टिक बदललं तर अनेकदा चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि ते त्याहून नीरस आहे. रचनेतला प्रत्येक निर्णय कधी, का घेतला याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून लिहिलेली वही परीक्षकाला लगेच ओळखू येते.

पायरी ७: खर्चाचा कच्चा हिशेब

एका तक्त्यात कच्चा माल, ऊर्जा, मजुरी, वाया जाणारा माल, चाचणी, वाहतूक, दुरुस्ती हे सगळं ढोबळ आकड्यांनी मांडा. मग एकेक आकडा दुप्पट करून पाहा की एकूण खर्च किती हलतो. ज्या आकड्याने खर्च सर्वांत जास्त हलतो, पुढचा प्रयोग त्यावर करायचा. मला हे संशोधनाची दिशा ठरवण्याचं सर्वांत प्रामाणिक साधन वाटतं. बऱ्याचदा कळतं की ज्या कार्यक्षमतेच्या मागे दोन वर्षं लागलो तिचा खर्चावर नगण्य परिणाम आहे, आणि वाया जाणारा माल सगळं खातोय.

पायरी ८: कुणाच्या हातून पुढे न्यायचं

मार्ग ढोबळमानाने तीन: चालत्या कंपनीला परवाना देणं, स्वतःची कंपनी काढणं, किंवा सगळं खुलं करून ज्याला हवं त्याला करू देणं. ओआरएससारख्या गोष्टीला तिसरा मार्गच शोभतो. कारखान्यात मोठी भांडवली गुंतवणूक लागत असेल तर पहिला. दुसऱ्या मार्गाची सध्या हवा आहे, पण ज्याला हिशेब, माणसं आणि विक्री यांत रस नाही अशा संशोधकाने तो केवळ हवेपोटी घेऊ नये.

परवाना देणंही सोपं नाही. चेस्टर कार्लसन यांनी कोरड्या छायाप्रतीची पहिली प्रतिमा १९३८ मध्ये काढली. पुढची काही वर्षं वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. १९४४ मध्ये बॅटेल या ना-नफा संशोधन संस्थेने काम हाती घेतलं आणि सेलेनियमच्या वापराने ते पुढे नेलं. १९४७ पासून हॅलॉइड ही छोटी कंपनी (हीच पुढे झेरॉक्स झाली) त्यात उतरली, आणि १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं. एकवीस वर्षं! त्यातही शेवटचा अडथळा किमतीचा होता. यंत्र इतकं महाग की कचेऱ्या विकत घेणार नाहीत. कंपनीने ते भाड्याने दिलं आणि काढलेल्या प्रतींनुसार पैसे घेतले. म्हणजे शेवटची अडचण एका भाडेकराराने सुटली.

भागीदार शोधताना तुमचा शोध समजणाऱ्यापेक्षा तुमचा पुढचा अडथळा आधी ओलांडलेला माणूस शोधा. पेनिसिलिन फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये दिसलं. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने ते वेगळं केलं, पण १९४१ मधल्या पहिल्या रुग्णाला सुधारणा दिसत असतानाच औषध संपलं आणि तो दगावला. उत्पादन वाढलं ते अमेरिकेत पिओरिया इथल्या शेतकी संशोधन प्रयोगशाळेत, जिथे मक्याच्या स्टार्च उद्योगातलं टाकाऊ पाणी बुरशीचं अन्न म्हणून वापरलं गेलं, आणि किण्वनाने रसायनं बनवण्याचा अनुभव असलेल्या फायझरसारख्या कंपन्यांच्या खोल टाक्यांमध्ये. त्या लोकांना जंतुशास्त्राचा नवा शोध लावायचा नव्हता. त्यांना टाकीत हवा कशी खेळवायची ते ठाऊक होतं.

भागीदारी ठरली की श्रेयाचं आणि पैशाचं बोलणं लगेच करा आणि ते कागदावर उतरवा. विद्यार्थी, मार्गदर्शक, तंत्रज्ञ, सगळ्यांची नावं त्यात हवीत. सुरुवातीला हे बोलताना संकोच वाटतो, पण पैसे दिसू लागल्यावर बोलणं त्याहून कितीतरी अवघड होतं.

पायरी ९: थांबण्याची अट आधीच लिहा

प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला एक ओळ लिहून ठेवा: अमुक तारखेपर्यंत अमुक झालं नाही तर हे काम थांबवू किंवा दिशा बदलू. अट मोजता येणारी हवी. "समाधानकारक प्रगती" ही अट नव्हे. "तिसऱ्या माणसाच्या हातून दहापैकी आठ वेळा जमलं पाहिजे" ही अट आहे. आणि ती पाळली गेली का हे ठरवणारा माणूस चमूबाहेरचा असावा, कारण आतल्यांना नेहमीच अजून एक महिना हवा असतो.

थांबलात तर काय चालत नाही, कुठल्या परिस्थितीत चालत नाही आणि काय बदललं तर चालू शकेल, असा दोन पानांचा अहवाल करून ठेवा. नमुने, कोड आणि वह्या कुठे ठेवल्या आहेत हेही त्यात लिहा. कच्चा माल स्वस्त झाला किंवा एखादा नियम बदलला की असे प्रकल्प पुन्हा उघडले जातात, आणि उघडणारे बहुतेक वेळा दुसरेच कुणी असतात.